मोरपंखी भोपळा

"थांबा."

डॉरीनने हात आडवा केला तसा समुद्री चाच्याच्या वेशातला पोरगा फाटकापाशीच थबकला. मागून आलेली, मधमाशीचा वेश केलेली मुलगी त्याच्या पाठीवर आदळली.

"मिस डॉरीन, पण त्यांचा दारावरचा दिवा चालू आहे, म्हणजे खाऊ मिळतो," मधमाशी म्हणाली.

"असू दे. पुढच्या घरी जा."

पोरं निमूट पुढे गेली. गावातली निम्मी मुलं रोज डॉरीनच्या शाळेच्या बसमधून जायची. तिचा हात खाली येईपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. आज ती बसवरचंच चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून मिसेस हेल्मुथच्या फाटकाबाहेर उभी होती. फुटपाथ गावाचा होता. तिने आधी चौकशी करून घेतली होती.

हॅलोविनला ज्या दारात मोरपंखी रंगाचा भोपळा, त्या घरी खाऊ नाही, खेळणी मिळतात. ज्या मुलांना शेंगदाणा, दूध, अंडं बाधतं, त्यांनी तिथे निर्धास्त जावं. डॉरीनने शेंगदाणा बाधणाऱ्या आपल्या लेकीकडून, ट्रूडीकडून, हे पाठ करून घेतलं होतं. गेल्या वर्षी मिसेस हेल्मुथनीही तसा भोपळा ठेवला. तो रंग त्यांच्या दाराला शोभत होता, एवढ्यासाठीच. वाटले मात्र नेहमीचे बकाय: पीनट बटरचे गोळे, चॉकलेटात बुडवलेले. ओहायोत ते घरोघरी होतात. ट्रूडीने भोपळा पाहिला, विचारलं नाही, पायरीवरच एक तोंडात टाकला. घसा सुजून ती निळी पडली. दोन इंजेक्शनं मांडीत टोचूनही दवाखान्यात श्वासाचं यंत्र लावावं लागलं.

अंधार पडू लागला तेव्हा मिसेस हेल्मुथ शाल सावरत फाटकाशी आल्या. हातात मोठं भांडं होतं.

"डॉरीन, अगं, संध्याकाळभर एक पोर फिरकलं नाही माझ्याकडे."

"दिसतंय मला."

"हे बघ तरी. रबराची वटवाघळं, पेन्सिली, स्टिकर. सगळं पाकीटबंद. घरात शेंगदाण्याचा कण ठेवला नाही मी."

डॉरीनने टॉर्च लावला. भांड्यात हात घालून तळापर्यंत पाहिलं. एकेक पाकीट उलटून वाचलं. खरंच काही नव्हतं.

"भोपळा गेल्या वर्षीही मोरपंखीच होता," ती म्हणाली.

"किती वेळा माफी मागू गं? केकसुद्धा पाठवला होता मी."

"पाठवलात ना. जिला परक्या घरचा घास चालत नाही, तिच्यासाठी घरी केलेला केक. कचऱ्यात टाकायलासुद्धा हातमोजे घालावे लागले मला."

मिसेस हेल्मुथनी उलटलेली पाकिटं भांड्यात सरळ केली. "म्हातारीच्या दारात वर्षातून एकदा पोरं येतात, डॉरीन."

"माझ्या दारात एकच आहे. आणि ते तुम्ही जवळजवळ नेलंच होतं."

"मग अशी किती वर्षं उभी राहणार आहेस?"

"मला थंडी वाजत नाही."

मिसेस हेल्मुथ परत वळणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून ट्रूडी आली. घुबडाचे पंख घोट्यापर्यंत लोंबत होते. वडील मागे कुणाशी तरी बोलत उभे राहिले होते. ती फाटकाला धरून चवड्यांवर उभी राहिली आणि भांड्यात डोकावली.

"आई, वटवाघूळ. चालेल का मला?"

हा प्रश्न ट्रूडी दिवसातून कितीदा तरी विचारायची. डॉरीन पाकीट वाचायची, हो किंवा नाही म्हणायची. ट्रूडीने का म्हणून कधी विचारलं नव्हतं, आणि डॉरीनने आजवर एकदाही खोटं उत्तर दिलं नव्हतं.

मिसेस हेल्मुथनी एक वटवाघूळ उचलून पुढे धरलं होतं.

"नाही," डॉरीन म्हणाली.

ट्रूडीने मान डोलावली. मिसेस हेल्मुथनी वटवाघूळ भांड्यात ठेवलं, पायऱ्या चढून त्या आत गेल्या. दारावरचा दिवा विझला. डॉरीन वर्षभर याच क्षणाची वाट पाहत होती.

"ट्रूडी, चल."

"एक मिनिट, आई."

ट्रूडीने फाटकावरचा हात काढला. पंखाखालच्या खिशातून ओला कागदी रुमाल काढला आणि आईने ‘नाही’ म्हटल्यावर करायला शिकवलं होतं तसं एकेक बोट, नखांच्या कडांसकट, नीट पुसू लागली.