रेल्वे तेवढी काढा

दौंडच्या रेल्वे कॉलनीला लागून सम्राटचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, आणि तिथे रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्यात रेल्वे होती. स्टुडिओच्या दोन खोल्या त्याच्या वडलांनी, शंकररावांनी, मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाल्यावर बांधलेल्या. जागा घेताना त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती, की गच्चीवरून यार्ड दिसलं पाहिजे. ते दिसत होतं. ऐकूही येत होतं. पुढे आपला मुलगा याच खोल्यांत माईक लावून बसेल, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सम्राटने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यांवर आईने शिवलेल्या वाकळा टांगल्या, खिडकी विटांनी बुजवून टाकली. उन्हाळ्यात आत गेलेला ढोलकीवाला वाळून बाहेर यायचा. पण मनमाडकडून आलेल्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवून दुसऱ्या टोकाला जोडतात, आणि त्या जोडण्याचा धक्का वाकळेला जुमानत नाही. भीमजयंतीच्या कॅसेटी, बारशाचे पाळणे, ग्रामपंचायतीच्या उमेदवारांची प्रचारगीतं, सगळ्यांत कुठे ना कुठे भोंगा वाजायचाच. एका उमेदवाराचं नाव आलं आणि पाठोपाठ भोंगा वाजला, तर तो खूश झाला. "शुभशकुन हाय, राहू द्या," म्हणाला. पडला, ती गोष्ट वेगळी.

सम्राटच्या बायकोची, दीक्षाची, मावशी म्हणजे सोजरबाई. शिरूर तालुक्यात न्हावरा गावाकडे राहायची. साठीला आलेली, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेलं, आणि आवाज असा की माईक दोन हात लांब ठेवायला लागायचा. गावोगावच्या जयंत्यांत तिची भीमगीतं ठरलेली. रेकॉर्डिंगच्या वेळी गाडी आली की बाकीचे गायक थांबायचे. सोजरबाई ओळीचा शेवटचा शब्द धरून ठेवायची, गाडी जाईपर्यंत. मालगाडी असली तर ढोलकीवाला डबे मोजत बसायचा.

दोन हजार तीन साली सम्राटने तिची आठ गाणी पुण्याच्या एका कॅसेट कंपनीला पाठवली. कंपनीचा फोन आला, "बाईंचा आवाज खणखणीत आहे. काढू आपण कॅसेट. फक्त ती रेल्वे तेवढी काढा."

सम्राटने हे मावशीला सांगितलं.

"रेल्वे काढायची आसंल तर दिल्लीला कळवा म्हणावं," सोजरबाई म्हणाली.

त्याच सुमारास मुंबईत संगीताच्या नव्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार असल्याची जाहिरात दीक्षाच्या वाचनात आली. "अहो, नको असलेला आवाज काढून टाकणारं यंत्र आलंय, असं लिहिलंय यात." सम्राटने लगेच जायचं ठरवलं. सोजरबाईही निघाली.

"मावशी, तुम्ही कशाला दगदग करता?"

"आवाज माझा हाय. त्यो कापायचा आसंल तर मी तिथं पायजे."

हॉलमध्ये शिरल्यावर सम्राटचं भान हरपलं. इतकी वर्षं ज्या वस्तूंची चित्रं त्याने मासिकांतून कापून ठेवली होती, त्या समोर मांडलेल्या. सोजरबाईला मात्र एक गोष्ट उमजेना. रांगेने कीबोर्ड लावलेले, प्रत्येकावर एकेक पोरगा माना हलवत बोटं नाचवतोय आणि आवाज कशाचाच नाही.

"ही पोरं वाजवत्यात, मंग ऐकू का येत न्हाई?"

"हेडफोन हायेत ना मावशी. त्यांच्या त्यांच्या कानात येतं."

"आन् बाकीच्यांनी काय करायचं?"

पुढे काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्याच्या झोतात एक माईक ठेवला होता. "ह्याच्यात गायचं का ह्याला हार घालायचा?" असं तिने विचारलं. त्याच्या शेजारच्या स्टॉलवर बेसूर गाणाऱ्याला सुरात आणणारं यंत्र होतं. तिथल्या बाईंनी सोजरबाईला ते नीट समजावून सांगितलं.

"बेसूर माणूस गातोच कशाला पर?"

"मावशी, तोच तर आमचं गिऱ्हाईक आहे," त्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या.

आवाज काढणाऱ्या यंत्राच्या स्टॉलवर टाय लावलेला एक इंजिनिअर होता. मुलगा मोठा नम्र. सम्राटने आणलेलं गाणं त्याने कॉम्प्युटरमध्ये घेतलं, तशी पडद्यावर रंगांची पट्टी सरकू लागली. "सर, हा खालचा लाल भाग म्हणजे तुमची ट्रेन. वरचा पिवळा म्हणजे मावशी." त्याने लाल भाग निवडला, एक बटण दाबलं आणि गाणं पुन्हा लावलं.

रेल्वे गेली होती. सम्राटच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या खोलीतली शांतता ऐकू आली. पण त्या शांततेत गाणारी बाई रांजणात तोंड घालून गात असल्यासारखी वाटत होती.

"ही मी न्हाई," सोजरबाई म्हणाली. "दुखण्यातनं उठलेली कुणीतरी बाई हाय ही."

"थोडा फरक पडतोच," इंजिनिअर म्हणाला. "ट्रेनबरोबर आवाजाचा खालचा भागही जातो."

एवढ्यात शेजारच्या स्टॉलवरचे एक दाढीवाले गृहस्थ उठून आले. सिनेमा आणि मालिकांना लागणाऱ्या आवाजांच्या सीडी विकण्याचा त्यांचा धंदा होता. पाऊस, दंगल, दाराची करकर, सगळं त्यांच्याकडे तयार मिळायचं. ते म्हणाले, "जो निकाला, वो सुनाओ."

इंजिनिअरने काढून टाकलेला लाल भाग लावला, मोठ्या स्पीकरवर. हॉलमध्ये दौंडची मालगाडी शिरली. आधी लांबून घरघर, मग रुळांच्या सांध्यांवरचा ठेका, मग डब्यामागून डबा. आसपासच्या पोरांनी हेडफोन काढले. लोक जमले. कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि गाणं ऐकून म्हणतात तसं म्हणालं.

दाढीवाल्यांनी डोळे मिटून सगळी गाडी ऐकली. मग कपाळाला आठ्या घातल्या. "बीच में कोई औरत चिल्ला रही है. उसको हटा सकते हो?"

सोजरबाईला एवढं हिंदी समजत होतं.

इंजिनिअरने पिवळ्याचा उरलेला अंश निवडला आणि बटण दाबलं. बाई एका दमात गेली. मागे काही राहिलं नाही. "हे सोपं गेलं," तो आनंदाने म्हणाला.

सम्राट काहीतरी बोलणार होता. पण दाढीवाल्यांनी त्याच्या हातात आपलं कार्ड ठेवलं होतं आणि ते विचारत होते, की अशा आणखी गाड्या मिळतील का? पॅसेंजर, एक्सप्रेस, शंटिंग? आजवर कुणी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तोच मागायचा, तारखा, ॲडव्हान्स, शांतता. त्याने मान डोलावली.

परतीच्या गाडीत सोजरबाई खिडकीशी बसून होती. कर्जत गेलं, लोणावळा गेलं. पुणं सुटल्यावर म्हणाली, "जावईबापू, मला चिल्लाती म्हणाला त्याचं काय न्हाई. त्यो परका माणूस. पर तुम्ही मान हलवली."

सम्राटने खिशातलं कार्ड चाचपून पाहिलं. दीक्षाला त्याने घरी यातलं फक्त कार्ड दाखवलं.

दुसऱ्या आठवड्यात त्याने खिडकीच्या विटा पाडल्या. वाकळा उतरवून आईला परत दिल्या. सगळ्यात जास्त आनंद शंकररावांना झाला. ठेवणीतली टोपी घालून ते गच्चीवर जाऊन बसू लागले. गाडी सिग्नलला आली की वरून ओरडायचे, "आली रं! धर!" आणि ते ओरडणं गाडीच्या आधी रेकॉर्ड व्हायचं.

"आबा, तुम्ही बोलू नका ना."

"मी बोललो न्हाई, तर तुला कळंल कसं?"

आता नवीच पंचाईत सुरू झाली. इतकी वर्षं गाण्यात गाडी यायची. आता गाडी यायची तेव्हा कुठेतरी गाणं असायचं. कधी कॉलनीत लग्नाचा बँड, कधी कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कधी जयंतीची तालीम. सम्राट दारात उभा राहून शेजाऱ्यांना विनवायचा, "जरा दम धरा, मालगाडी येऊ द्या." दौंडमध्ये असं बोलणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. ढोलकीवाल्याने येणं सोडलं.

अशात एके दिवशी सोजरबाई आली. राग तिने गिळला होता. सगळी गाणी नव्याने गायची, मग कंपनीला पाठवायची, असं तिच्या मनात होतं. ती माईकसमोर उभी राहिली, घसा खाकरला, पहिली ओळ उचलली, आणि वरून शंकरराव ओरडले. सम्राटचा हात आपोआप वर गेला. "मावशी, जरा गप बसा. गाडी येतीय."

सोजरबाई गप बसली. गाडी आली, लांबलचक होती, गेली. सम्राटने यंत्र बंद करून वर पाहिलं तेव्हा खोलीत दीक्षा एकटीच उभी होती. "एसटी स्टँडवर गेली मावशी," ती म्हणाली. "आणि बरं केलं तिनं."

सोजरबाईने शिरूरला जालिंदरच्या स्टुडिओत कॅसेट केली. जालिंदरचा स्टुडिओ नगर रोडवर, टायरच्या दुकानाच्या वर. तिथे रेल्वे नव्हती, ट्रक होते. पुण्याच्या कंपनीने ट्रक तेवढे काढा म्हणून सांगितलं. मग जालिंदरने कॅसेट स्वतःच बाजारात आणली.

दाढीवाल्यांची सीडीही निघाली. आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सम्राटचं नाव होतं. शंकररावांनी आजूबाजूच्यांना बोलावून ती गच्चीवर लावली. शेजारी रेल्वेचेच लोक. त्यांनी सगळी सीडी माना खाली घालून ऐकून घेतली. खाली खरी गाडी उभी होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. आठवड्याने मुंबईहून फोन आला, "ट्रेन हो गयी. अब भैंस भेजो."

सम्राट म्हशींच्या मागे लागला. केडगावजवळच्या एका गोठ्यात तो माईक घेऊन बसायचा. गोठ्याच्या मालकिणीने, साखरबाईने, पहिल्याच दिवशी विचारलं, "हिला गायला लावनार का काय तुमी?" म्हैस दिवसभर रेकायची; माईक दिसला की बंद.

पुढच्या जयंतीला शिरूरमध्ये सोजरबाईचा सत्कार होता. दीक्षाने सांगितलं म्हणून सम्राट गेला आणि मागच्या रांगेत बसला. शाल अंगावर घेतल्यावर सोजरबाई माईकवर म्हणाली, "माझ्या जावयानं मला मुंबई दाखवली. तिथं माझा आवाज मशीनीत घालून धुतला. धुऊन बघितल्यावर कळलं, मळ म्हंजी मीच हाय." मांडव हसला. सम्राटही हसला, पण त्याचे कान तापले होते.

जेवणाच्या पंगतीत तो तिच्याशेजारी जाऊन बसला. "मावशी, चुकलंच माझं. पुढची कॅसेट माझ्याकडं करा."

"आता म्हशी करता न्हवं तुम्ही?"

"करतो. पर त्या केडगावला."

सोजरबाईने भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली. "यीन," ती म्हणाली. "पर एक. मी गाताना त्या मशीनीवरच्या काट्याकडं बघायचं न्हाई. माझ्याकडं बघायचं."

"बघंन."

"आन् कंपनीला धाडायची न्हाई."

ज्वारीची काढणी उरकल्यावर ती दौंडला आली आणि दोन दिवस मुक्काम करून गायली. ढोलकीवाल्याला दीक्षा स्वतः जाऊन घेऊन आली. पहिल्या गाण्यापासून सम्राट सोजरबाईकडे पाहत राहिला, त्यामुळे आवाजाची पातळी दाखवणारा काटा कुठे गेला ते त्याला कळलं नाही आणि चार गाणी फाटल्यासारखी आली. ती तशीच ठेवली. कॅसेट दौंड आणि शिरूरच्या जयंतीत टेबलावर मांडून विकली गेली. म्हशींच्या आवाजाचे पैसे मुंबईहून वेळेवर येत राहिले, त्यावर स्टुडिओ चालला.