वीतभर उंच

अमरसिंहाने उद्यमनगरात सिकंदरभाईंच्या दुकानासमोर जीप उभी केली, तेव्हा ती मागून एका अंगाला अशी झुकली होती, जणू पानाची पिंक टाकायला कुणी वाकलंय. मागचे पाटे पार बसले होते. गाडीचा भार चाकांवर झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या त्या चळतीचा बाक एकदा गेला, की गाडीचं पोट रस्त्याला घासायला लागतं, आणि ही जीप तर अमरसिंहाच्या लग्नाआधीची.

"जुनं ठोकून बाक चढवून देऊ का?" सिकंदरभाईंनी खाली वाकून बघत विचारलं. पाट्यांचं हे दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं, आणि गिऱ्हाइकाला आधी स्वस्तातलं सांगायचं ही त्यांची जुनी रीत.

"न्हाय. नवंच टाकायचं."

सिकंदरभाईंनी तीन जोड जमिनीवर मांडले. एक कंपनीच्या मापाचा, नरम. दुसरा जादा पट्ट्यांचा, ऊस आणि पोती ओढणाऱ्यांसाठी. तिसरा मोठ्या कमानीचा. चिखलात गाड्या घालायची हौस असलेली पोरं तो नेत. प्रत्येक पट्टी दोरीला टांगून त्यांनी हातोडीने वाजवून दाखवली. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर आत चीर. सगळ्या खणखणीत वाजल्या.

"गाडीत बसणार कोण?"

"आई."

"मग डोळं झाकून नरम न्या, पावणं. म्हाताऱ्या कमरंला गचकं सोसत न्हाईत."

"ह्या तिसऱ्यानं गाडी किती चढंल?"

"वीतभर. पण लई कडक हाय ह्यो. आई शिव्या घालंल तुमास्नी."

"घालू दे. हाच बसवा."

सिकंदरभाईंनी एकदा जीपकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमची गाडी, तुमची आई," ते म्हणाले आणि कामाला लागले.

अमरसिंह बाहेर बाकड्यावर बसून राहिला. चहा आला, तो निवला तरी त्याने उचलला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गावाबाहेरची फरशी होती. जयसिंगपुरात त्याचं बी-बियाण्याचं दुकान, पण आई बयाबाई शिरोळच्या पुढे, कृष्णेच्या वळणात वसलेल्या गावात राहायची. गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा होता आणि त्यावर दगडी फरसबंदीचा बुटका पूल, तीच ती फरशी. नदी फुगली की पाणी उलटं ओढ्यात शिरतं आणि फरशी गिळतं. मागच्या मोठ्या पुरात सगळं गाव वेळेत निघालं, पण बयाबाईची म्हैस व्यायला टेकली होती आणि ती म्हशीला सोडून निघेना. अमरसिंह जीप घेऊन धावला. फरशीच्या मध्यावर इंजिनात पाणी गेलं आणि गाडी मेली. माणसांनी दोर टाकून त्याला आणि जीपला ओढून काढलं. आई मात्र पलीकडे घराच्या धाब्यावर बसून राहिली, होडी येईपर्यंत. काठावर उभं राहून तिचं हिरवं लुगडं बघत काढलेले ते दोन दिवस त्याच्या मनातून कधी गेलेच नव्हते. तेव्हा जीप वीतभर उंच असती तर आईपर्यंत पोचलो असतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भीती माणसाला हिशेब शिकवते, पण तो नेहमी मागच्याच संकटाचा असतो.

पाटे बसले. जीप ताठ उभी राहिली. ती घेऊन तो थेट गावात गेला.

बयाबाईला चढायला पाट मांडावा लागला. एक पाय पाटावर, एक हात लेकाच्या खांद्यावर आणि तोंडाने सिकंदरभाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार, अशी ती वर चढली. पण एकदा बसल्यावर तिने खाली गल्लीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच पालटला.

"चल, फिरवून आण," ती म्हणाली.

त्याने तिला फरशीपर्यंत नेऊन आणलं. शेजारचा बाळासो वाटेतच भेटला. गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीत बाळासोचा शब्द शेवटचा. त्याने चाकाशेजारी उभं राहून मांडीपर्यंत हात लावून माप घेतलं. "आता काय पुराच्या बाचं भ्या न्हाय," तो म्हणाला. गल्ली हसली. अमरसिंहही हसला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

गावाचा एक जुना नियम होता. देवळासमोरच्या पाराच्या खालच्या दगडाला पाणी लागलं की कुणी कुणाशी वाद घालायचा नाही. जनावरं सोडायची, पोरं उचलायची आणि फरशी ओलांडायची. पाराचा दगड ओला झाला तेव्हा फरशीवर पाणी जेमतेम घोट्याइतकं असतं, हे म्हाताऱ्यांनी कधीकाळी बघून ठेवलं होतं. त्यानंतर ते कसं चढतं हे बघायला थांबायची गरज नसते. बयाबाईने एकदा तो नियम मोडला, आणि तिच्या धाब्यावरच्या मुक्कामाची गोष्ट सांगून गावाने पुढे पोरांना दटावलं.

श्रावण लागायच्या आधी वर धरणक्षेत्रात पाऊस कोसळला आणि नदी पसरायला लागली. दुपारी अमरसिंह जीपने फरशी ओलांडून आला तेव्हा पाणी तिच्या दगडांवर घोटाभर खेळत होतं, गढूळ आणि मुकाट. एक मेलेलं कुत्रं वळसे घेत वाहून गेलं. देवळापाशी आला तर पाराचा दगड भिजलेला. त्याला हायसं वाटलं. गल्ली आता निघतच असेल, त्यांच्याबरोबर आईलाही काढू.

गल्लीत चुली पेटल्या होत्या. जनावरं दावणीला होती. गल्लीतली सगळ्यात म्हातारी धोंडुबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"पाराला पाणी लागलंय," तो म्हणाला.

"लागलं व्हय?" धोंडुबाई म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

तो घरात गेला. बयाबाई भाकरी थापत होती. "आलास? बस. जेव."

"आई, पाराला पाणी लागलंय. कुणीच कसं निघालं न्हाय?"

"औंदा पाराचं माप न्हाय, बाळा. देवळाचा उंबरा धरलाय."

"कुणी धरला?"

"सगळ्यांनी. बाळासोनं काढलं, तुझी गाडी वीतभर चढलीया, मग आपुनबी वीतभर थांबू. उगा दरसाल जनावरं घिऊन चिखलातनं पळायचं कशाला? म्या सांगितलंय गल्लीला, अमर आला की सगळ्यास्नी काढतो."

तो दारातच उभा राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेण्याजोगं हे नव्हतं. जीपमध्ये दाटीवाटीने किती माणसं बसतील? गल्लीत तर पाळण्यातल्या पोरापासून धोंडुबाईपर्यंत सगळे होते, आणि त्यांच्या म्हशी. उंबरा काही पाराहून वीतभरच वर नव्हता; पाणी त्याला लागेल तोवर फरशीवर पुरुषभर पाणी असेल. तिथे कुठले पाटे आणि कुठली वीत?

"तू तरी चल आत्ता," तो म्हणाला.

"येडा हाईस काय? शब्द दिलाय म्या. मी आधी गाडीत बसून गेले तर गल्ली काय म्हनंल?"

त्याने बाळासोला गाठलं. बाळासो शांतपणे म्हणाला, "दोन फेऱ्या जास्त मार की. डिझेलचं आमी बघतो." अमरसिंहाने धोंडुबाईला सांगितलं, गल्लीतल्या पोरींना सांगितलं, आवाज चढवला. लोक त्याच्याकडे मायेने बघत होते. एवढी चांगली गाडी असून पोरगं भितंय, असं त्या नजरेत होतं. जीप समोर ताठ उभी होती, आणि जोवर ती तशी उभी होती तोवर एकही माणूस हलणार नव्हता.

मग त्याने जीपमधून जॅक आणि पाने काढले. देवळापुढे, सगळ्यांच्या देखत, जीपच्या चौकटीखाली दगड रचले आणि मागच्या चाकापाशी चिखलात आडवा झाला. बोल्ट नवे होते. गंज धरायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. एकेक नट सहज सुटला. पहिला पाटा भद्दकन चिखलात पडला तेव्हा चुलीपाशी बसलेली माणसं बाहेर आली.

"काय करतुयास?" बाळासो धावत आला.

"पाटं काढतोय."

"खुळा झालास काय रं? बसव आधी!"

अमरसिंह दुसऱ्या बाजूला सरकला. बाळासोने त्याचा खांदा धरला, त्याने झटकला. दुसरा पाटा सुटला. त्याने दगड सरकवले आणि गाडी मागच्या अंगाने चिखलात बसली. ती आता कुणाला काढणार नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग त्याने दोन्ही पाटे उचलले आणि चढत्या पाण्यात फेकून दिले.

त्याला शिव्या पडल्या. धोंडुबाईने तळतळाट केला. बाळासो म्हणाला, "माणसं बुडाली तर तुझ्या नावानं बुडतील," आणि ते बोलता बोलताच घराकडे पळाला. कुणीतरी दावं सोडलं. मग दुसऱ्याने. बयाबाई दारात आली, जीपकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. तिला गल्लीपुढे इतकं खाली कधी बघावं लागलं नव्हतं. तिने चुलीत पाणी ओतलं आणि म्हशीचं दावं सोडलं.

फरशीवर पाणी आता पोटरीच्या वर आलं होतं. बाळासोने पुढे होऊन दोर बांधला. बयाबाई म्हशीचं शेपूट धरून पाण्यात उतरली. लेकाने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. तो तिच्या मागे, तिच्या लुगड्यावर नजर ठेवून चालत होता. फरशीच्या मध्यावर त्याने वळून पाहिलं. पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि मागे गल्लीतली अर्धी माणसं अजून पाळीची वाट बघत काठावर उभी होती.