नायकाच्या ओठावरची मिशी

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. हसू नका, खऱ्या केसांची आहे. एका रंगभूषाकाराने बारीक जाळीवर एकेक केस गाठीने बसवून मला घडवले आणि एका नवख्या नटाच्या ओठावर चिकटवले. तोवर त्याला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मी बसले आणि त्याचे नशीब फळफळले.

मग चित्रपटामागून चित्रपट चालले. एकदा तो मला न लावता बाजारात गेला, तर भाजीवालीने त्याला ओळखलेच नाही. तेव्हापासून तो मला लावूनच घराबाहेर पडू लागला. माझा तोरा काय वर्णावा!

त्याची आई बहिणीच्या घरी अंथरुणाला खिळली होती. एका दुपारी चित्रीकरण चालू असताना बहिणीचा फोन आला, "आई सारखी तुझं नाव घेतेय." क्लोजअप अर्धाच झाला होता. दिग्दर्शकाने दोन तासांची सुट्टी दिली. रंगभूषाकाराने बजावले, "साहेब, मिशीला हात लावू नका. एकदा निघाली की पुन्हा तश्शी बसत नाही. पडद्यावर फरक दिसतो."

आईची नजर अधू झाली होती. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. बोटे माझ्यावर येऊन थांबली.

"कोण हो तुम्ही?"

"आई, मी बंड्या."

"बंड्याला कुठं मिशी आहे? जरा बाजूला सरका. तो येईल आता, दार दिसू दे मला."

त्याने नखाने माझी एक कड उचलली. मित्रांनो, मी सुटायला तयार होते! पण त्याने घड्याळ पाहिले आणि कड पुन्हा दाबून बसवली.

"उद्या मिशी काढून येतो, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुळगुळीत ओठाने निघाला. जिन्यातच बहिणीचा फोन आला. ती रडत म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती रे."

त्या क्लोजअपची फार वाहवा झाली, बक्षीसही मिळाले. त्याने मात्र मला पुन्हा कधी लावले नाही. मी पत्र्याच्या डबीत पडून आहे. अधूनमधून तो डबी उघडतो, माझ्या त्याच कडेवर अंगठा ठेवून बसतो आणि झाकण लावतो. मला फार वाईट वाटते.

मला कसर लागली तरी चालेल, मित्रांनो. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पण घरी कोणी दाराकडे डोळे लावून बसले असेल, तर तिथे आपलाच चेहरा घेऊन जा, आणि आजच जा.