मिनिटभर शांतता

सिंकमधल्या वाटीवर आडवा ठेवलेला चमचा घसरला आणि टण्ण वाजला. चाळीस सेकंदांची शांतता पाण्यात गेली.

पलंगावर मांडी घालून बसलेल्या नवऱ्याने दोन्ही हात वर केले, म्हणजे मी नाही. बिचारा पाय खाली टेकवतसुद्धा नव्हता, कारण त्याच्या चपला फार वाजतात असा त्याच्यावर जुना आरोप होता. फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ उशीखाली. दारात सहा वर्षांची लेक, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर स्वतःचाच हात. चमचा कोणी ठेवला हे विचारण्यात अर्थ नव्हता. सकाळी चहा ढवळून तो तिथे ठेवणारी बाई आत्ता माइकसमोर बसली होती.

ही बाई घरी बसून व्हिडिओ एडिट करायची. ‘घरी बसून’ हे शब्द नातेवाइकांचे. घरी असते म्हणजे मोकळीच असते, आणि संगणकापुढे असते म्हणजे सिनेमेच बघत असते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आजचा सिनेमा समतोलताईंचा होता. त्यांचं खरं नाव वेगळं. पण घर, काम आणि छंद यांचा समतोल कसा साधावा हे त्या बायकांना इतक्या हसतमुखाने शिकवायच्या, की या घरात त्यांना तेच नाव पडलं. दहा मिनिटांचं भाषण, त्यांच्याच दिवाणखान्यात चित्रित केलेलं. पाठीमागच्या बंद दाराआड त्यांचं बाळ मात्र समतोल सोडून रडत होतं. बाळ हुशार. आई बोलताना गप्प राहायचं, ती थांबली की तेवढ्यात आपलं म्हणणं मांडून घ्यायचं. ‘तेवढं मागचं काढून टाक,’ असा ताईंचा निरोप होता. तेवढं म्हणजे सतरा ठिकाणी.

रडणं कापलं की तिथे खड्डा पडतो. खड्ड्यात काहीच आवाज नसला तर बघणाऱ्याला वाटतं, आपला फोन बिघडला. म्हणून त्यात रिकाम्या खोलीचा आवाज भरायचा असतो: भिंतींचा, हवेचा, कोणी बोलत नसल्याचा. तो मिनिटभर आवाज खरं तर कॅमेरावाल्याने तिथेच घ्यायचा. पण त्याला जेवायला उशीर होत होता. मग शांतता पुरवण्याची जबाबदारी, अर्थातच, सहा वर्षांचं मूल असलेल्या घरावर आली.

आणि पाच वाजता मैदानावर जायचं होतं. लेकीच्या मामेबहिणीची सायकल आठ दिवसांसाठी आणली होती. सायकल उद्या सकाळी परत जाणार होती. बाजूची छोटी चाकं नवऱ्याने पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती, तेव्हापासून रोज ‘उद्या नक्की’ चाललं होतं. सीट आईनेच धरायची आणि आईनेच सोडायची, असा करार होता. बाबा सांगून सोडतात, मग भीती वाटते. आई न सांगता सोडेल, अशी लेकीची खात्री होती.

छंदाचं म्हणाल, तर ‘छंदाला रोज फक्त वीस मिनिटं द्या’ हे ताईंचं वाक्य या बाईने दोन दिवसांत शंभरेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी खिडकीतल्या जलरंगांच्या पेटीकडे बघितलं होतं. रंगांना भेगा गेल्या होत्या. निळ्याच्या खणात सध्या लेकीचे पडलेले दोन दात राहात होते.

दुसऱ्या खेपेला घराने लाज राखली. पूर्ण मिनिट मिळालं. तिने त्याचे तुकडे केले, सतरा खड्डे बुजवले, ताईंची सगळी वाक्यं पुन्हा तपासली. शांतता काही तपासली नाही. शांतता कोण ऐकत बसतं? साडेचारला फिल्म पाठवली, फ्रिज लावला, बूट शोधले. एक बूट पायात गेला आणि फोन वाजला.

“अगं राणी, सुंदर झालंय,” समतोलताईंचा आवाज मधासारखा होता. “फक्त मी थांबले ना, की कोणीतरी ‘झालं?’ म्हणतंय. तेवढं काढून टाक. सहाला सगळ्यांना दाखवायचंय.”

एका पायात बूट तसाच ठेवून तिने हेडफोन लावले. मुलांना तुमचा वेळ हवा असतो, ताई म्हणाल्या आणि अर्थपूर्ण थांबल्या. “झालं?” कोणीतरी कुजबुजलं. एक दीर्घ श्वास घ्या. “झालं?” नाही म्हणायला शिका. “झालं?” तिला हसू फुटलं. चौथ्या खेपेला ते आपोआप बंद झालं.

मूळ मिनिट ऐकलं. बोटांच्या फटीतून लेकीने दर चार-पाच सेकंदांनी विचारलं होतं आणि मधल्या वेळात हेल्मेटमध्ये जोरजोरात श्वास घेतला होता. धड एक तुकडा कोरा नव्हता. रेकॉर्ड होताना हिला ते ऐकूच आलं नाही. दिवसभर कानावर पडणारा शब्द, फ्रिजच्या घरघरीसारखा. फ्रिज तेवढा आठवणीने बंद केला होता.

नवी शांतता घ्यायची, सतरा ठिकाणी बदलायची, फिल्म पुन्हा बनवून पाठवायची, म्हणजे सहज तासभर. मैदानाचं फाटक सहाला लागायचं. नवरा म्हणाला, मी नेतो, तू आटप. लेक हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट करून चालायला लागली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दार लागलं, तिने फ्रिज पुन्हा बंद केला आणि मागितली होती तशी शांतता मिळाली. ना चपला, ना श्वास. चमचासुद्धा जागचा हलला नाही. पहिल्याच खेपेत मिनिट झालं आणि ताईंच्या वाक्यांमागे अगदी चपखल बसलं.

सहाला दहा कमी असताना फिल्म गेली. ताईंकडून हात जोडलेली तीन चित्रं आली. त्यांच्या खाली नवऱ्याने पाठवलेला व्हिडिओ. निम्म्या भागात त्याचा अंगठा, मग आभाळ, मग एकदाची सायकल: डुगडुगत, पण सरळ, एकटी जाणारी. मध्येच लेक मागे वळून बघते. हँडल वाकडं होतं. पडत नाही. पुढे जाते. अकरा सेकंद.

ती परत आली तेव्हा गुडघ्याला माती होती आणि हेल्मेट डोक्यावरच होतं. बाबांनी सांगून सोडलं, ही तक्रार तिने आधी नोंदवली. मग आईच्या मांडीवर चढून मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ तीनदा लावायला लावला आणि तिसऱ्यांदा जिथे ती वळते तिथे बोट ठेवलं.

“थांबव.”

आईने थांबवलं. पडद्यावर वळलेली मान आणि मागे रिकामं मैदान.

“तू त्या बाळाला काढलंस ना, त्याच्या आईच्या व्हिडिओतून?”

“हो.”

“मग मी वळून बघितलं ना, तिथे तुला घालता येईल?”