कारण खरं लिहा

हिरामण दारूनं पडला, असं ज्यानं ज्यानं म्हटलं ना, त्याला आणा माझ्यासमोर. मी सावित्रीबाई. पेठच्या डोंगरातली. चौदा माणसांची टोळी घेऊन दरवर्षी निफाडच्या बाजूला द्राक्षाच्या कामाला उतरते. टोळीची मुकादमीण मीच. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईच्या मागं कोण येणार? बावीस वर्षं झाली, येतायत की!

हिरामण माझा भाचा, भावाचा पोरगा. दिसायला काडी, पण कामाला वाघ. त्याची बायको ज्योत्स्ना बारावी शिकलेली, टोळीत वाचता येणारी ती एकटीच. आमच्यात कुणाला कागद आला की तो तिच्याकडं जायचा.

आता काम काय ते सांगते. द्राक्षाची छाटणी झाली की दोन दिवसांच्या आत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथं, औषध लावावं लागतं. त्याला पेस्टिंग म्हणतात. लावलं तर सगळे डोळे एकदम फुटतात, नाय लावलं तर बाग मागंपुढं फुटते नि मालक कपाळाला हात लावून बसतो. बादलीत लाल रंग घातलेलं औषध, हातात फडक्याचा बोळा, आणि चालायचं ओळीनं. चार-पाच दिवसांत हाताची साल निघते. भाकरीला मीठ लावलं तरी झोंबतं. हातमोजे एकदा मिळाले होते, पण असले ढगळे की बोटाला डोळा सापडेना. मीच म्हटलं, काढा रे ते, काम उरकत नाय. खोटं कशाला सांगू?

आणि माझी दुसरी खोडही ऐका. टोळी ठरवताना मी मालकाला आधीच सांगते, प्लॉट संपला की त्याच दिवशी कोंबडी आणि बाटली पाहिजे. नवऱ्यापासूनची रीत. ज्यानं बाटली दिली नाय त्याच्या बांधावर मी पुन्हा पाय ठेवला नाय. बाटली उघडायची मी. पहिला पेला मानाचा, पेस्टिंगच्या सगळ्यात जास्त ओळी ज्यानं काढल्या त्याला. पोरं त्या पेल्यासाठी धावायची. दारूसाठी नाय हो, मानासाठी.

यंदा सोमनाथभाऊंचा मळा धरला होता. माणूस बोलायला गोड. मला मावशी म्हणतो. मंगळवारी दुपारी चारला पहिला प्लॉट संपला, भाऊंनी बाटली आणून माझ्या हातात दिली. हिरामणनं बारा ओळी काढल्या होत्या. मी पेला भरला, त्याच्या हातात दिला, म्हटलं, "घे रे, आज तुझा मान." तो कधी फारसं पीत नाय. लाजत लाजत अर्धा पेला घेतला.

दहा मिनिटं झाली नसतील. त्याचं तोंड, मान, डोळे, सगळं लालबुंद. "आत्या, छाती उडतीया," म्हणाला. मंग भडाभडा ओकला आणि तिथंच बांधावर आडवा झाला. श्वास घेताना नुसता घरघर आवाज. ज्योत्स्ना किंचाळली. मला तर वाटलं, गेलं पोरगं हातातून. भाऊंनी पिकअप काढली आणि रस्त्यावरच्या खाजगी दवाखान्यात नेऊन घातला. तेवढं त्यांनी केलं, ते मी नाकारत नाय.

पण आत जाऊन डॉक्टरला सांगितलं काय? "पिऊन पडलाय." झालं! डॉक्टर पोरगेलासाच. वास घेतला, आमच्या कपड्यांकडं पाहिलं, सलाईन लावलं आणि लिहिलं. ज्योत्स्नानं कागद वाचून दाखवला. आजाराचं कारण, अति मद्यपान. "अति?" मी म्हटलं. "अहो, अर्धा पेला!" डॉक्टर हसला. म्हणाला, "मावशी, सगळे असंच सांगतात. सकाळी घरी न्या. दारू सोडायला लावा, नाहीतर मरेल."

सगळ्यात वाईट काय, तर हिरामणला ते पटलं. डोळे उघडले तसा बायकोपुढं हात जोडून रडायला लागला. "चुकलं माझं, पुन्हा नाय पिणार, परवा कामावर उभा राहतो." अरे, कशाची माफी मागतोस? मला कळत नव्हतं, पण आतून काहीतरी टोचत होतं. अर्ध्या पेल्यानं माणूस असा पडत नाय. आमच्याकडं मोहाची पिणारे म्हातारे मी पाहिलेत, बाटलीनं पडतात, पेल्यानं नाय.

बुधवारी सकाळी दुसरा प्लॉट उभा होता, सोमवार-मंगळवारी छाटलेला. सहा एकर. भाऊंच्या माणसानं ड्रममधून बादल्या भरून ठेवल्या होत्या. पोरं कामाला लागणार, तेवढ्यात टोळीतला आमचा सोमा कानाशी येऊन कुजबुजला.

"काकी, काल मलाबी तसंच झालं. दोनच घोट घेतले आन् तोंड पेटलं, छाती धडधडली. वाटलं मलाच चढली. लाजंनं बोललो नाय."

सोमाच्या अकरा ओळी होत्या. हिरामणच्या बारा. मी बोटं मोजायला लागले. काल बाटलीतलं कोण कोण प्यायलं? छाटणीवाले पाचही जण, ज्यांचा बादलीला हातच लागत नाय, ते प्यायले होते. त्यांनी तर तळ गाठला होता, आणि सकाळी गडी ठणठणीत! ज्यांचे हात औषधात होते, तेच फक्त लाल झाले.

ज्योत्स्ना हिरामणचे कपडे न्यायला आम्ही राहतो त्या शेडवर आली होती. तिला हाताला धरून पंपाच्या खोलीमागं नेलं. तिथं औषधाचे रिकामे कॅन पडलेले असतात. एकावरचा कागद अर्धा फाटलेला, दुसऱ्यावरचा शाबूत होता. अक्षरं मुंगीएवढी. तिनं डोळ्याजवळ धरून वाचलं.

"हे औषध हाताळताना हातमोजे घालावेत. हाताळण्यापूर्वी आणि हाताळल्यानंतर काही दिवस मद्यपान करू नये. गंभीर त्रास होऊ शकतो."

"पुन्हा वाच," मी म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं.

देवा रे. सगळ्यात जास्त औषध ज्याच्या अंगात गेलं, त्यालाच मी पहिला पेला दिला. मान म्हणून दिला! बावीस वर्षं मी हेच करत आले. किती पोरं अशी ओकली, किती जणांना मी चिडवलं, "काय रे, एवढ्यात चढली?" लय रडले मी त्या पंपाच्या भिंतीला टेकून. मंग पदरानं तोंड पुसलं आणि कॅन काखेत मारला.

प्लॉटवर येऊन एकच सांगितलं, "बादलीला कुणी हात लावायचा नाय. बसा बांधावर."

टोळी बसली. अर्ध्या तासात भाऊ मोटारसायकलवर आले. लांबूनच ओरडले, "मावशी, हे काय चाललंय? छाटून ठेवलाय प्लॉट! आज संध्याकाळपर्यंत लागलं पाहिजे!"

"ठाऊक आहे मला. म्हणून तर आजच बसलोय."

"कशासाठी?"

मी कॅन पुढं ठेवला. "हे तुम्हाला वाचता येतं. येतं ना?"

भाऊंचं तोंड उतरलं. "अहो, असं सगळ्याच औषधांवर लिहिलेलं असतं. कोण पाळतं?"

"आम्हाला सांगितलं असतं तर पाळलं असतं. आमच्या पोराला तुम्ही दारुडा करून ठेवलात. दवाखान्यात चला. आपल्या तोंडानं डॉक्टरला सांगा कोणतं औषध होतं ते. कागदावर कारण खरं लिहायचं. आणि हातमोजे आणा, चांगले, बोटाला बसतील असे. मंग हात लागेल बादलीला."

"द्वारकाच्या मजूर नाक्यावरून माणसं आणतो मी," भाऊ म्हणाले. "पन्नास मिळतील."

"आणा की! फोन करा. डोळा कुठं असतो ते त्यांना शिकवा, तोवर उद्याची संध्याकाळ होईल."

भाऊंनी मोटारसायकल स्टँडला लावली. मंग आवाज उतरवून जवळ आले. "मावशी, तुमचं वय काय, तुम्ही करता काय. हात दाखवून अवलक्षण कशाला? बाटली कुणी मागितली होती? तुम्ही. पेला कुणी भरला? तुम्ही. कागदावर औषध आलं तर तुमचंही नाव येईल. या भागातला एकही बागायतदार पुढल्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही."

खोटं नव्हतं त्यात काही. चौदा घरं माझ्या भरवशावर डोंगर उतरतात. मी मागं वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडंच बघत होते. सोमा तर खाली मान घालून मातीत रेघा ओढत होता.

"येऊ दे नाव," मी म्हटलं. "मागितली मी, दिली तुम्ही. दोघांचंही लिहू दे. पण पोराच्या माथी नाय मारायचं. निघा आता. बाग तुमची खोळंबलीय, माझी नाय."

निघाले हो! न निघून सांगतात कुणाला? सहा एकर छाटलेली बाग डोळ्यांसमोर होती. भाऊ मोटारसायकलवर पुढं, मी नि सारी टोळी त्यांच्याच पिकअपमध्ये मागं. सगळे कशाला, असं ड्रायव्हरनं विचारलं. म्हटलं, यात्रेला चाललोय, चल गुमान.

दवाखान्यात टोळी बाहेर ओट्यावर बसली. मी, भाऊ आणि ज्योत्स्ना आत गेलो. हिरामण घरी जायच्या तयारीत खाटेवर पाय सोडून बसला होता. मी कॅन डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. तो दचकलाच. "अहो, हे काय आणलंत? खाली ठेवा!"

"बघा, तुम्हाला टेबलावर नको झालंय. आमचे हात यात दिवसभर असतात. वाचा."

त्यानं वाचलं. मोबाइलवर काहीतरी शोधलं, ते वाचलं. कान लाल झाले त्याचे. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला.

"तुम्ही विचारलं कुठं? कामाला कुठं जातो, हाताला काय लागतं, एक शब्द विचारला? वास आला, कपडे दिसले, लिहून मोकळे! उचलली जीभ लावली टाळ्याला."

"आत्या," ज्योत्स्नानं माझा हात दाबला. पण डॉक्टर रागावला नाय. भाऊंकडं वळला. "हेच औषध होतं का?"

भाऊंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. दारात सोमा उभा होता. "हेच," म्हणाले.

"काल सांगितलं का नाही?"

"वाटलं नव्हतं एवढं असेल."

डॉक्टरनं जुना कागद रेघ मारून रद्द केला, नवा घेतला. लिहिता लिहिता म्हणाला, "आज सोडत नाही याला. रक्त तपासायला पाठवतो, दोन दिवस इथंच ठेवू. दारू कुणी दिली होती?"

"बाटली यांनी आणली," मी बोलले. "मागितली मी. पेला भरून हातात दिला तोही मी. तसंच लिहा."

"आत्या, तुझं नाव कशाला?" हिरामण खाटेवरून म्हणाला.

"गप रे. तू कालपासून माफी मागतोयस, आता माझी पाळी."

डॉक्टरनं सगळं लिहून ज्योत्स्नाकडं दिलं. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, सोमाला ऐकू जाईल असं. तिनं वाचलं. कामाच्या ठिकाणी हाताळलेल्या रसायनामुळे विषबाधा, त्यावर अर्धा पेला मद्य घेतल्याने तीव्र त्रास. 'अर्धा पेला' तिनं दोनदा वाचलं. हिरामण ऐकत राहिला. कालपासून पहिल्यांदा त्यानं बायकोच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"खाली मालकांची सही लागेल, आणि तुमची," डॉक्टर म्हणाला.

भाऊंनी सही केली. माझी कुठली सही, मी अंगठेबहाद्दर. डॉक्टरनं शाईचं पॅड पुढं केलं. मी अंगठा दाबला, कागदावर टेकवला. नुसता निळा डाग उठला. त्यानं माझं बोट पुसून पुन्हा दाबलं. पुन्हा डागच, एक रेघ नाय.

"रेशनच्या मशीनवरबी उठत नाय माझा अंगठा," मी म्हटलं. "वय झालं, दुसरं काय."

डॉक्टरनं माझा हात उलटा करून उजेडात धरला. एकेक बोट पाहिलं. बोटं गुळगुळीत, लालसर, कडेनं चिरलेली. "हे वयानं नाही झालं," म्हणाला. "किती वर्षं हे काम करताय?"

मी सांगितलं आणि माझ्याच हाताकडं बघत बसले. माझा अंगठा या बागांनी खाल्ला होता, आणि मी त्याला म्हातारपण म्हणत होते. हिरामणला दारुडा म्हणणारा डॉक्टर आणि मी, फरक काय राहिला?

भाऊंनी घड्याळ पाहिलं. "मावशी, झालं ना आता? हातमोजे मी वाटेत घेतो. चला, ऊन चढलं."

"थांबा," मी म्हटलं आणि डॉक्टरपुढची खुर्ची ओढून बसले. "आणखी एक कोरा कागद घ्या, डॉक्टर. नाव लिहा सावित्रीबाई, राहणार पेठ. माझ्याही कागदावर कारण खरं लिहा. आणि सोमा, बाहेरच्या सगळ्यांना म्हणावं ओळीनं आत या, हात दाखवायला."

"अहो, पण बाग!" भाऊ ओरडले.

"थांबेल ती," मी म्हटलं, आणि दोन्ही हात टेबलावर उघडे करून ठेवले.