गाड्या गोड झाल्या त्या सकाळी

एकतीस वर्षांत डेपोच्या फोरमनने कुणाचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या सकाळी मात्र इंजिनं सुरू ठेवून उभ्या केलेल्या अकरा बसच्या रांगेतून फिरता फिरता तो म्हणाला, "आज कामं झकास झाली आहेत. एकही गाडी कुरकुरत नाही." हाताखालचे मेकॅनिक एकमेकांकडे बघत राहिले. त्यातल्या लांब्याने पाना खाली ठेवून विचारलं, "फोरमन, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत ठणठणीत होती. डेपोची रीतच अशी की रोज सकाळी फोरमनने प्रत्येक गाडी कानाने ऐकायची आणि पसंत पडली की पुढच्या चाकावर खडूची रेघ ओढायची. रेघ नसेल तर गाडी फाटकाबाहेर जात नसे, मग खुद्द मॅनेजर आडवा पडला तरी. ज्या इंजिनांनी त्याला हा मान मिळवून दिला, त्यांनीच तीन वर्षांपूर्वी त्याचे कान बसवले. तेव्हा लेकीने त्याला कानाची मशीनं घेऊन दिली. दुकानातल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने त्यात खास त्याच्यासाठी एक सोय करून ठेवली. जगातला सगळा आवाज, खडखडाट, घरघर, कचरा, काही न गाळता आत येऊ द्यायचा. म्हातारा नंतर निवृत्त झाला, पण फोरमन पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

तर त्या दिवशी अकराच्या अकरा चाकांवर रेघा ओढल्या गेल्या. दहाच्या सुमाराला सातवी गाडी चढावर बंद पडली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं, इंजिन उकळलं, आणि बेचाळीस माणसं सामानसुमान घेऊन, डेपोच्या नावाने बोटं मोडत पायी चढ चढली. नशिबाने कुणाला भाजलं नाही.

"ती घरघर मला शेडच्या दारातून ऐकू येत होती," लांब्या नंतर खाली मान घालून म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रेघ ओढलीत. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

फोरमनने लांब्याला परत आलेली एक गाडी सुरू करायला लावली आणि मशीन लावलेला कान इंजिनाजवळ नेला. लांब्याचा श्वास ऐकू येत होता. पार कँटीनमध्ये कुणी चहात साखर कमी असल्याचं रडगाणं गात होतं, तेही ऐकू येत होतं. इंजिन मात्र लांब कुठेतरी गादीखाली गाडून ठेवल्यासारखं.

घरी लेकीने फोन काढून दाखवला. मशीनं तिच्या फोनला जोडलेली होती. "काल आपण जेवत होतो ना बाबा, तेव्हा हे आलं. 'आपल्या यंत्रासाठी सुखद शांतता तयार आहे.' खाली दोनच बटणं. 'मान्य आहे' आणि 'नंतर आठवण करा'. ते सारखं आठवण करायला लागलं, म्हणून मी दाबलं."

"नको म्हणायचं बटण?"

"नव्हतंच."

लेक रडवेली झाली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मशीन बापाच्या कानात, पैसे लेकीचे, आणि परवानगी मागितली ती फोनला, तीही नकाराला जागा न ठेवता. अशा विचारपुशीपेक्षा सरळ घरात घुसणारा चोर बरा, तो निदान स्वतःला सुखद म्हणवून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. म्हाताऱ्याच्या जागी आता एक तरतरीत बाई बसत होती. दातांची रांग दाखवत ती म्हणाली, "काका, ही तर तुमच्या सोयीचीच गोष्ट आहे. इंजिन, पंखे, यंत्रं हे सगळं त्रासदायक आवाजात मोडतं. आता मशीन आपोआप ते बंद करतं."

"मला तो त्रास हवा आहे."

"म्हणजे?"

"मी इंजिनं ऐकून पोट भरतो. तीन वर्षं ऐकत होतो. जुनं होतं ते परत घाला."

"ते होत नाही, काका. आम्ही घालायला गेलो तरी मशीन घेत नाही. कंपनीने जुनं कायमचं बंद केलंय. सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, कान माझा. मशीन माझ्या घरातल्या पैशाचं. त्यात काय ऐकू यावं हे ज्या माणसाने ठरवलं, त्याने आयुष्यात कधी बसचं बॉनेट उघडलंय का?"

"तुमचा अभिप्राय मी वर कळवते," बाई म्हणाली, आणि तिने संगणकावर काहीतरी टिपून घेतलं. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. असल्या गोष्टी ऐकवण्यात कंपनीने कसूर ठेवली नव्हती.

डेपोत मॅनेजर वाटच बघत होता. त्याचा आवाज नेहमीसारखा थंड होता. "फोरमन, उद्यापासून तुम्ही तक्रारीच्या खिडकीवर बसा. तिथे माणसांचंच बोलणं ऐकायचं असतं, ते तुम्हाला जमेल. गाड्या लांब्या बघेल."

एकतीस वर्षांचं काम माणसाच्या हातून असं काढून घेतलं जातं, पेपरातलं पान उलटावं तसं. फोरमन म्हणाला, "उद्याची एक सकाळ द्या साहेब. चुकलो तर खिडकीत बसतो, पुन्हा तोंड वर करून बोलणार नाही."

सकाळी अकरा गाड्या धडधडत उभ्या होत्या, नवा पंप बसवलेली सातवीही. मॅनेजर मुद्दाम कोट घालून आला होता. फोरमनने दोन्ही मशीनं कानांतून काढली, डबीत घातली आणि डबी लांब्याच्या हातात दिली. जग बंद झालं. मग त्याने हत्यारांच्या पेटीतून हातभर लांब लोखंडी सळई घेतली, एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं दातांत घट्ट धरलं. त्याचे पहिले वस्ताद असंच करायचे. तरुणपणी तो त्यांना हसायचा, कुत्र्याने हाड धरावं तसं दिसतं म्हणून. आता तो स्वतः तसाच दिसत होता आणि सगळा डेपो बघत होता.

इंजिन कवटीत शिरलं. खडखडाट, घरघर, वंगणाची सळसळ, काही न गाळता, कुणाच्या 'मान्य आहे'ची वाट न बघता. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायला तो थांबला नाही.

त्याने नऊ चाकांवर रेघा ओढल्या. लांब्याने पाचव्या गाडीचा पट्टा मुद्दाम ढिला करून ठेवला होता, मॅनेजरच्याच सांगण्यावरून. ती फोरमनने फाटकाबाहेर सोडली नाही. शेवटच्या गाडीपाशी तो बराच वेळ वाकून राहिला, सळई तीनदा हलवली, आणि रेघ न ओढताच उठला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "हिच्याही पंपाचं बेअरिंग चाललंय. उघडून बघा."

तिथेच उघडलं. बेअरिंग बोटाने हलत होतं.

मॅनेजर पुढे आला. त्याने फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्याने आजवर कुणाच्याच खांद्यावर ठेवला नव्हता, आणि तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मेकॅनिक तोंडात बोटं घालून ऐकत होते. लांब्याने घाईघाईने डबी उघडून पुढे केली. हे कौतुक ऐकायला फोरमन एकतीस वर्षं थांबला होता, आणि ही मशीनं ते अगदी अक्षरागणिक ऐकवणार होती.

त्याने लांब्याच्या हातातली डबी बंद केली आणि पाना उचलून बेअरिंग काढायला बसला.