जिन्यातली घंटा

मामा वर्तमानपत्र मागून वाचतात. लग्नाचा अल्बम हातात दिला तर त्यांच्या अल्बमात पाहुणे आधी घरी जातात आणि सगळ्यात शेवटी येतात. यात त्यांचा दोष नाही. सव्वीस वर्षं जपानी कॉमिक्सची पानं लावल्यावर माणसाचं असंच होतं. ती पुस्तकं उजवीकडून उघडतात, चौकटी उजवीकडून डावीकडे पळतात, आणि आमचं प्रकाशन ती मांडणी तशीच ठेवून फुग्यांमधला मजकूर तेवढा आपल्या भाषेत घालतं. मामा त्या कामातले उस्ताद. पान उलटण्याआधीची शेवटची चौकट कोणती असेल, हे ते पानाकडे न बघता नुसत्या गोष्टीवरून सांगतात, आणि दहात नऊदा बरोबर सांगतात. दहाव्यांदा, त्यांच्या मते, जपानी चित्रकार चुकलेला असतो.

मामा हे आमच्या सगळ्यांचेच मामा, पण सहा महिन्यांपूर्वी त्यांची सख्खी भाची ऑफिसात रुजू झाली आणि नातं एकदम खरं झालं. कामावर त्यांना ‘सर’ म्हणायचं असं दोघांनी घरी ठरवलं होतं. तो ठराव पहिल्या दिवशी अकराच्या चहापर्यंत टिकला.

भाची आली ती चिनी कॉमिक्स घेऊन. ती त्यांची भाषा शिकलेली, आणि तिच्या फोनमध्ये तिथली शेकडो कॉमिक्स. पानं नाहीतच, एकच लांब रंगीत पट्टी, अंगठ्याने वर सरकवत जायची. शिवाय त्यांची अ‍ॅनिमेशन. दहा वर्षांपूर्वी चिनी कार्टून म्हटलं की आम्ही हसायचो. माणूस बोलायचा एकीकडे आणि ओठ हलायचे भलतीकडे. आता दुपारच्या डब्याच्या वेळी तिच्या फोनभोवती सात डोकी जमतात, आणि पडद्यावर कुणाच्या ओल्या केसांतून पाणी निथळतं तेव्हा घास हातातच राहतो. मामा त्या घोळक्यात नसत. ते दोन टेबलं सोडून बसत आणि मान मात्र त्याच दिशेला असे.

“नक्कल आहे,” ते म्हणत. “डोळे जपान्यांचे, हनुवटी जपान्यांची, यांनी फक्त रंग भरला.”

“मामा, तुमची सहीसुद्धा आजोबांच्या सहीची नक्कल आहे,” भाची म्हणे. “बँकेने अजून परत पाठवलेली नाही.”

मालकीणबाईंना हे भांडण आवडायचं, कारण बाईंना दोन्ही बाजूंनी काम होताना दिसायचं. त्यांनी भाचीला सरळ सांगितलं होतं. एका चिनी चित्रकर्तीची मालिका पुस्तकरूपात काढायची परवानगी मिळव. तिने नमुना पास केला तर चिनी विभाग सुरू, तू त्याची प्रमुख आणि तुला पक्कं टेबल. नाही केला तर उमेदवारीचे सहा महिने संपताहेत, आपण हसत निरोप घेऊ. तोवर भाचीचं टेबल झेरॉक्स मशीनजवळ होतं, घडीचं, एका पायाखाली पुठ्ठा सरकवलेलं. मशीन चालू झालं की तिचं अक्षर थरथरे.

मालिका होती घंटा ओतणाऱ्या एका कारागिराच्या मुलीची. पहिल्या भागाच्या शेवटी ती बापाने आयुष्यभर राबून ओतलेली घंटा कड्यावरून खाली ढकलते, कारण घंटेला तडा आहे हे फक्त तिलाच ठाऊक आहे आणि बापाची नाचक्की तिला बघवणार नाही. घंटा पडते, पडत राहते, आणि खालच्या नदीवर आदळते तेव्हा पहिल्यांदा वाजते. अख्ख्या भागात तेवढा एकच आवाज.

नमुना करायचं काम अर्थातच मामांकडे आलं. भाचीने पट्टीची फाइल दिली. मामांनी ती कम्प्युटरवर उघडली, तर ती पडद्यात मावावी म्हणून इतकी बारीक झाली की सुतळीचा तुकडा वाटावा. मामांनी त्या सुतळीत जमेल तिथे डोकावून पाहिलं, आणि मग आपल्या पद्धतीने पानं लावली. पडणाऱ्या घंटेसाठी समोरासमोरची दोन पानं आणि सहा तिरक्या चौकटी: मुलीची बोटं, घंटेचा काठ, रिकामं आभाळ, एक पक्षी, नदी, आणि तो आवाज. खोटं कशाला सांगा, पानं देखणी झाली होती. कुठे काय वगळायचं हे जपान्यांकडून शिकावं, आणि ते मामा शिकले होते.

आमच्याकडे प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी फिरते. चौदा जणांनी वाचून सही केल्याशिवाय नमुना दाराबाहेर जात नाही. मुद्रितशोधनाची सही नववी, म्हणजे माझी. चौदाच्या चौदा सह्या दीड दिवसात झाल्या. आठव्या सहीवाल्याने तर ‘अप्रतिम’ असंही लिहिलं; तो पगाराच्या पावतीवरसुद्धा शेरा मारणारा माणूस आहे.

नवव्या दिवशी चित्रकर्तीचं उत्तर आलं. भाचीने ते उभ्याने वाचलं आणि मग बसली. पत्र फार सभ्य होतं. पुस्तक सुंदर आहे, छपाई उत्तम आहे. फक्त माझ्या गोष्टीत घंटा कड्यावरून पडते. तुमच्या पुस्तकात ती नदीतून उडून वर येते आणि मुलगी तिला हातात झेलते. मुलगी एवढी ताकदवान असावी असं मला वाटलं नव्हतं. मांडणी मुद्दाम अशी केली आहे का?

मामांनी पुस्तक उजवीकडून उघडणारं बांधलं होतं, आणि तिने ते डावीकडून वाचलं होतं. सव्वीस वर्षांची सवय. हाताने डोक्याला विचारलंच नाही. आणि आम्ही चौदा जण, डोळ्यांत तेल घालून वाचणारे, आम्हीही ते उजवीकडूनच वाचलं आणि घंटा नीट पडली म्हणून सह्या केल्या. अख्ख्या इमारतीत डावीकडून वाचणारा एकही डोळा उरला नव्हता.

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की दुसरं एक प्रकाशन थांबून आहे, तरी येत्या शुक्रवारपर्यंत नवा नमुना हातात पडला तर ती पाहील. सहा दिवस होते, त्यातले दोन कुरियरचे.

बाई रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी भाचीला फक्त विचारलं की टेबल रिकामं करायला मदत लागेल का, म्हणजे शुक्रवारनंतर. मामा आपल्या खुर्चीत बसून तो नमुना डावीकडून उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. शेवटी म्हणाले की यात काय, पानं उलट क्रमाने लावतो, दोन तासांचं काम.

भाची रागावली की ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते.

“मामा, तू पट्टी बघितलीच नाहीस. तू तिची सुतळी बघितलीस.”

हे सगळ्यांसमोर झालं. मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग विचारलं, “मग कुठे बघू? एवढी लांब भिंत आहे का आपल्याकडे?”

भिंत नव्हती, पण जिना होता. आमची इमारत चार मजल्यांची, खाली छापखाना, दुसऱ्यावर ऑफिस, चौथ्यावर कागदाचं गोदाम, आणि जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी. भाचीने दुपारभर बसून अख्खा भाग रोलवर छापून घेतला. साडेदहा मीटर भरला. तो चौथ्या मजल्याच्या कठड्याला क्लिपांनी अडकवून पोकळीत सोडला, आणि खाली वाऱ्याने फिरू नये म्हणून टोकाला दोन जुने शब्दकोश बांधले. त्या शब्दकोशांचा गेल्या काही वर्षांतला हा एकमेव उपयोग.

मामांचा गुडघा दुखरा. ते कठडा धरून वर चढले ते जिन्याला आणि भाचीला आळीपाळीने बोल लावत. मग उतरत उतरत वाचायला लागले. वरचे दोन मजले उतरेपर्यंत त्यांचा आवाज येत होता: हा हात चुकलाय, हे ढग उगाच आहेत. दुसऱ्या मजल्याच्या खाली घंटा सुटली. आणि आवाज बंद झाला.

पट्टीत घंटेचं पडणं सव्वादोन मीटर आहे. एकही रेघ आडवी नाही. वर कड्याजवळ रंग पिवळा, आणि तो कुठे संपतो ते दाखवता येत नाही. पायरीगणिक करडा होतो, मग हिरवा, मग पाण्याचा तो काळसर निळा. घंटा त्यात चारदाच दिसते. बाकी नुसतं आभाळ, पण रिकामं नाही. त्यात कड्याचे दगड आहेत, दगडांवर झुडपं, एका झुडपात घरटं. आपण पायरी उतरतो आणि आपणच पडतोय असं वाटतं. मामा खाली पोचले, शब्दकोशांशेजारी शेवटच्या पायरीवर बसले, आणि पुन्हा वर निघाले.

त्या दिवशी ते सात वेळा चढले. गुडघ्याचं नाव निघालं नाही. पाचव्या खेपेला भाची त्यांच्याबरोबर उतरत होती आणि ते तिला सांगत होते, जणू ती पट्टी तिनेच आज पहिल्यांदा पाहिली असावी. जपानी माणूस आपल्याला पानाच्या कोपऱ्यावर अडवतो, म्हणतो थांब, पुढे काय असेल सांग. ही बाई थांबूच देत नाही. तिने कागदच काढून टाकला, आणि अंगठा किती वेळा सरकेल ते मोजून आभाळ रंगवलं. हे नकलेने येत नाही. नक्कल करणाऱ्याला दुसऱ्याचं पान लागतं. हिच्याकडे पानच नाही.

“मग कापायचं कुठे, मामा?”

“तेच तर. कापलं की मेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट तळमजल्यावर बाइंडरकडे गेले. पुस्तक डावीकडेही बांधायचं नाही आणि उजवीकडेही नाही; वरच्या कडेला बांधायचं, आणि पानं खालून वर उलटायची. दोन पानं मिळून एक उंच पान होईल, मधे समास नाही, घंटेला सलग आठ पानं. बाइंडरने हात पुसत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे पुस्तक वाचायचं आहे की खिळ्याला टांगायचं. मामा म्हणाले, टांगूनच वाचलंय, जिन्यात बघून ये. बाइंडर तंबाखूच्या सुट्टीचं निमित्त करून गेला. परत आला तो अर्ध्या तासाने, आणि आल्या आल्या म्हणाला की घडीवर रंग तुटता कामा नये, धाग्याने शिवावं लागेल, गोंदाचं हे काम नव्हे.

या वेळी चिठ्ठी फिरली तेव्हा प्रत्येकाने नमुना आधी हातात गोल फिरवून पाहिला. ‘अप्रतिम’वाल्याने नुसती सही केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आम्ही तर पेलाही फुंकला.

शुक्रवारी दुपारी चित्रकर्ती स्वतः पडद्यावर आली, शेजारी तिची संपादक. तिशीतली बाई, बोटांना शाई, मागे भिंतीवर काही नाही. मालकीणबाईंच्या खोलीत आम्ही मावतील तेवढे उभे होतो. भाची पुढे, मामा दाराशी, निघायला सोपं पडेल असे. चित्रकर्तीने पुस्तक उजवीकडून उघडून पाहिलं, उघडलं नाही. डावीकडून पाहिलं, उघडलं नाही. मग खालची कड उचलली. तिच्या तोंडावर काही दिसेना. पानं वर जात होती, एकसारख्या वेगाने. घंटेपाशी वेग बदलला. आठ पानं तिने अंगठ्याने उलटली, शेवटच्या पानावर थांबली, आणि मागे जाऊन तीच आठ पानं पुन्हा उलटली.

मग ती काहीतरी बोलली. भाचीने ऐकलं आणि ती आमच्याकडे वळली.

“विचारतात, हे कुणी कापलं.”

मामा दारातून म्हणाले, “सांग त्यांना, पहिल्यांदा कापलं ते मी. या वेळी कुणी कापलं नाही.”

भाचीने सांगितलं. मामांनी पुढे हेही सांगायला लावलं की सव्वीस वर्षं जपानी पानं लावली, म्हणून पहिली चूक झाली. त्यावर चित्रकर्ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, लहानपणी मी जपानी कॉमिक्सवर पातळ कागद ठेवून गिरवायची, कागद फाटेपर्यंत. डोळे काढायला त्यांच्याकडून शिकले, ते काही लपत नाही. पडणं मात्र माझं मला शोधावं लागलं. मग तिने एकच दुरुस्ती सांगितली: आवाजाच्या पानावर मामांनी सवयीने पाण्यावर वेग दाखवणाऱ्या बारीक रेषा ओढल्या होत्या, तेवढ्या पुसा. मामा म्हणाले, “जित्याची खोड.” याचं भाषांतर भाचीने केलं नाही. परवानगी चित्रकर्तीने त्याच बोलण्यात देऊन टाकली, सगळ्या भागांची.

बाईंनी सोमवारी सुताराला बोलावलं. टेबल कुठे हवं असं त्यांनी विचारलं तेव्हा भाचीने जिन्याच्या तळाशी, शब्दकोशांशेजारची जागा मागितली. तिथे वारा येतो, छापखान्याचा आवाज येतो, कुणी शहाणा ती जागा मागणार नाही. बाईंनी लगेच दिली. सुताराने माप घेतलं आणि चारही पाय सारखे असतील अशी हमी दिली, जणू कुणी शंका घेतली होती.

मामा अजून वर्तमानपत्र मागूनच वाचतात, आणि जपानी विभाग त्यांच्याकडेच आहे. परवा दुसऱ्या भागाचा रोल छापून आला, बारा मीटरचा. भाचीने क्लिपा काढल्या तोवर मामा चष्मा खिशात घालून, कठडा धरून चौथ्या मजल्याकडे निघाले होते. खालून कुणीतरी ओरडून विचारलं की गुडघ्याचं काय. ते म्हणाले, वाचायचं म्हणजे आधी वर जायला नको का?